थांबवणे आणि आवरणे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी सकाळी मी सायकलवरून पडलो. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकाने आपल्याच शाळेच्या चार मुलांदेखत हँडलवरून पुढे उडून पडावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. आणि त्या पडण्यावर दिवाळी अंकात लेख लिहावा, ही तर त्याहूनही नव्हे. पण कोपराची जखम भरून आली तरी त्या पडण्याने मनात उकरलेला एक प्रश्न भरून येईना. वरवर पाहता तो सायकलच्या ब्रेकचा प्रश्न आहे. आत डोकावले तर तो माझ्या पेशाचा, माझ्या रागाचा आणि एका मुलाचा आहे. म्हणून लिहितो.

सायकल माझी नव्हती, पुतण्याची होती. जाड टायरांची, गिअरची, आणि चाकाच्या मध्याशी पोलादी तबकडी असलेली, म्हणजे ज्याला मुले डिस्क ब्रेक म्हणतात त्या ब्रेकची. माझी स्वतःची सायकल म्हणजे वडिलांनी मागे ठेवलेली काळी, उंच, सळ्यांच्या ब्रेकची. तिच्यावर मी आधी कैची, मग दांडीवर आणि शेवटी सीटवर, असा वयाबरोबर चढत गेलो. ते ब्रेक ज्यांनी वापरले आहेत त्यांना सांगायला नको. मुठीखालची दांडी दाबली की सळी वर ओढली जाते, सळीच्या टोकाशी रिकिबीसारखे एक वाकडे लोखंड असते, त्याला दोन रबरे, आणि ती रबरे रिमला आतल्या बाजूने जाऊन भिडतात. उन्हाळ्यात हा ब्रेक लागे. पावसाळ्यात ओल्या पोलादी रिमवरून रबर नुसते सरकत राही, आणि मग आम्ही चपलेचा तळ रस्त्याला घासत थांबत असू. तीस-पस्तीस वर्षे माझ्या हाताला शिकवण मिळाली ती ही: ब्रेक दाबायचा तर अंगातले सगळे बळ लावून दाबायचा, तेव्हा कुठे निम्मा लागेल.

त्या रविवारी वळणावर एक कुत्रे आडवे आले. माझ्या उजव्या हाताने जन्मभराच्या सवयीने जे करायचे तेच केले. पुढचे चाक जागच्या जागी थांबले. मी मात्र थांबलो नाही.

चौकातल्या सायकलवाल्या चाचांकडे मी ती सायकल ओढत नेली. तक्रारीच्या सुरात म्हणालो, “चाचा, ह्या ब्रेकमध्ये काहीतरी दोष आहे. फार कडक लागतो.” त्यांनी चाक उचलून फिरवले, दोन बोटांनी ब्रेक हळूच दाबला. चाक मंद झाले. आणखी थोडा दाबला. आणखी मंद झाले. मग सोडला, पुन्हा धरला. चाक त्यांच्या बोटांचे ऐकत होते. “ब्रेकचं काय बी चुकलं न्हाई मास्तर,” ते म्हणाले, “हात जुना हाय तुमचा.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. माझे पदार्थविज्ञान दहावीच्या पुस्तकापाशी संपले. तरीही त्यानंतरच्या आठवड्यांत ब्रेकविषयी जे मिळाले ते वाचले, चाचांना विचारले, आणि मुले शाळेतून गेल्यावर मैदानात पुतण्याच्या सायकलवर बसून करून पाहिले. त्यातून पहिली गोष्ट अशी कळली की ब्रेकचे गुण दोन आहेत आणि आपण ते एकच समजतो. एक गुण म्हणजे त्याची ताकद: किती जोराने तो चाकाला धरू शकतो. दुसरा म्हणजे त्याचा बेत: त्या ताकदीतली हवी तेवढीच, हव्या त्या क्षणी देता येते की नाही. दुकानात आपण पहिल्याबद्दल विचारतो. रस्त्यावर आपला जीव वाचवतो तो बहुधा दुसरा.

कारण ताकदीला एक मर्यादा आहे, आणि ती ब्रेकमध्ये नसून आपल्यात आहे. सायकल थांबू लागली की अंगाचा भार पुढे झुकतो. मागचे चाक हलके होते, पुढचे जड होते. म्हणून थांबवण्याचे खरे काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकने त्याच्या जेमतेम निम्मे काम होते, पुढे चाक फरफटते. परंतु पुढच्यालाही हद्द आहे. ताठ बसलेल्या स्वाराचा वेग दर सेकंदाला ताशी अठरा-वीस किलोमीटरने उतरवता येतो. त्याहून अधिक उतरवू पाहिले की मागचे चाक जमीन सोडते आणि स्वार हँडलवरून जातो. टायरची रस्त्यावरची पकड तोपर्यंत संपलेलीही नसते. कोरड्या डांबरावर ती पुष्कळ उरलेली असते. याचा अर्थ असा की चांगल्या ब्रेकमध्ये माणसाला पेलेल त्याहून अधिक ताकद आधीच भरलेली आहे. तिच्यात आणखी भर घालणे म्हणजे पडण्याची सोय वाढवणे.

दुसरी गोष्ट अशी, की करकचून धरलेले चाक हे उत्तम थांबणारे चाक नव्हे. फिरणारे चाक रस्त्याला धरून असते. अडकलेले चाक रस्त्यावरून घसरते, आणि घसरणाऱ्या रबराची पकड फिरणाऱ्याहून कमी. शिवाय घसरणारे पुढचे चाक वळत नाही. हँडल कुठेही फिरवा, सायकल आपल्या मूळच्या दिशेने जात राहते. १९७८ साली जर्मनीत बॉशने मर्सिडीजच्या मोटारींसाठी ज्या ब्रेकची विद्युत यंत्रणा बाजारात आणली, तिचे सारे शहाणपण एवढ्यातच आहे: चाक अडकू लागले की ते यंत्र ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते, सेकंदात कित्येक वेळा. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना ही यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे चांगले धरण्यासाठी वेळेवर सोडता यावे लागते, ही गोष्ट आता कायद्यानेही मानली आहे. सायकलस्वाराला मात्र हे यंत्र बहुधा मिळत नाही. त्याला ते आपल्या बोटांतच तयार करावे लागते.

आता चाचांच्या वाक्याकडे येतो. हात जुना, म्हणजे अशक्त ब्रेकवर वाढलेला हात. अशा हाताच्या ताब्यात एकदम सशक्त ब्रेक आला की काय होते ते माझ्या कोपराने पाहिले. पण हेच दृश्य मी आयुष्यात कितीदा तरी पाहिले होते, आणि त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. वीस वर्षे सासूच्या धाकात मान खाली घालून वावरलेली बाई सासू होते, आणि पहिल्याच महिन्यात सुनेला रडवते. आपण म्हणतो, हिने स्वतः सोसले, हिला कळायला हवे होते. पण सोसण्याने तिला मापाचे शिक्षण कुठे मिळाले? ज्या घरात तिचा शब्द कधी चाललाच नाही, तिथे शब्दाला धार यावी म्हणून तिने तो सर्व बळानिशी उच्चारायची सवय केली. आता तोच शब्द चालू लागला आहे, आणि उच्चार तसाच राहिला आहे. कारकुनाचा साहेब झालेला, वर्गात सर्वांत दुबळ्या मुलाचा मॉनिटर झालेला, गावकीत कधी न विचारला गेलेला आणि अचानक निवडून आलेला: यांतल्या कित्येकांना आपण दुष्ट म्हणतो. मला वाटते, त्यांतले पुष्कळ दुष्ट नसतात. त्यांचा हात जुना असतो.

आणि मी त्यांच्याहून निराळा नाही.

ती हकीकत सांगण्यापूर्वी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. मराठीत ‘थांबवणे’ आहे आणि ‘आवरणे’ही आहे. थांबवण्यात चालू असलेले बंद होते. आवरण्यात ते बंद होईलच असे नाही. ते हाताशी येते. आपण हसू आवरतो, रडू आवरतो, घोडा आवरतो. घर आवरतो तेव्हा घर बंद करत नाही. पसरलेल्या वस्तू जागच्या जागी नेतो. लांबलेल्या वक्त्याला आपण ‘आवरते घ्या’ म्हणतो, ते त्याची अब्रू राखून. ‘गप्प बसा’ म्हणणे निराळे. कठोपनिषदातले रथाचे रूपक आपल्याला शाळेपासून माहीत असते: शरीर रथ, इंद्रिये घोडे, बुद्धी सारथी आणि मन म्हणजे लगाम. लहानपणी मी त्याचा अर्थ असा घेतला होता की घोड्यांना थांबवणे म्हणजे संयम. पण ज्याचे घोडे थांबले तो सारथी कुठेच पोहोचत नाही. लगाम मुळात थांबवण्याचे साधन नाहीच; ती सारथ्याच्या हातातून घोड्याच्या तोंडापर्यंत गेलेली एक दोरी आहे, आणि तिच्यातून बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. घोडा काय करतो आहे हे सारथ्याला तिच्यातूनच कळते.

चांगल्या ब्रेकचे मर्मही हेच. चाचांनी मला माझ्या मधल्या एका सायकलची गंजलेली वायर काढून दाखवली होती. आतून गंजलेली वायर नळीत अडकत अडकत सरकते. आपण दाबतो, काही होत नाही. आणखी दाबतो, आणि मग ती एकदम सुटून ब्रेक कचकन लागतो. अशा वेळी हाताला जे जाणवते ते चाक नसते, वायरीतला गंज असतो. ज्या ब्रेकमधून हाताला चाकाची बातमी येत नाही त्याचा बेत जमत नाही, मग त्याची ताकद कितीही असो. धरणाऱ्याला धरलेल्याची खबर पोहोचणे, हा बेताचा पाया आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. आवाज असा, की धडा त्याने वाचला तर शेवटच्या बाकावरची झोपही उडे. आणि त्याच आवाजाने तो शिक्षकांच्या नकला करी. माझी नकल विशेष चांगली करत असावा, कारण मी फळ्याकडे वळलो की मागे दबलेले हसू फुटे. मी ते ऐकत होतो. एक महिना ऐकत होतो. त्याला कधी बाजूला घेतले नाही, कधी नुसते थांबून त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मनाला म्हणालो, लहान आहे, जाऊ दे. हा माझा मोठेपणा आहे असे मला वाटत होते. तो मोठेपणा नव्हता. मी ब्रेकला हात लावायचा टाळत होतो.

मग एका दुपारी, तपासलेल्या वह्यांचा ढीग, मुख्याध्यापकांशी झालेली खडाजंगी आणि घरचे एक आजारपण डोक्यात घेऊन मी वर्गात गेलो. फळ्याकडे वळलो. हसू फुटले. मी खडू ठेवला आणि त्या मुलाकडे पाहून म्हणालो, “तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? बापाचेच गुण.” त्याचे वडील पीत असत. गावाला ते ठाऊक होते. वर्गाला ठाऊक होते. तोपर्यंत ते कोणी त्या खोलीत मोठ्याने म्हटले नव्हते.

वर्ग शांत झाला. अगदी पूर्ण. मी राहिलेला धडा शिकवला, आणि खोटे कशाला सांगू, त्या तासाला मला समाधान वाटले. एका वाक्यात काम झाले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आमच्या हातातली छडी काढून घेतली, ते उत्तम झाले. पण माझ्यासारख्या माणसाच्या जिभेत छडीपेक्षा अधिक ताकद शिल्लक आहे, आणि तिचे माप घ्यायला कोणताही कायदा वर्गात येऊन उभा राहत नाही.

तो मुलगा शाळेत येत राहिला. नकला थांबल्या. त्याचबरोबर हात वर करणे थांबले, वाचणे थांबले. वाच म्हटले तर उभा राही आणि ओळीला बोट लावून कुजबुजल्यासारखा वाची. मी कित्येक दिवस ह्याला शिस्त समजत होतो. अडकलेले चाक मला थांबलेले चाक वाटत होते. गाडी थांबलेली नव्हती. ती आपल्याच वेगाने घसरत चालली होती, फक्त आता ती कोणत्याही बाजूला वळवता येत नव्हती. पुढे मी त्याच्या घरी गेलो. अंगणात उभा राहून, जे म्हणायचे ते अडखळत म्हणालो. तो म्हणाला, “जाऊ द्या ना सर,” आणि पाणी आणायला आत गेला. त्याची आई पाणी घेऊन बाहेर आली. तो आला नाही.

ब्रेक नंतर सोडता येतो. पडलेला माणूस त्याने उठत नाही.

त्या घटनेचा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. माझी चूक फार जोराने ब्रेक लावण्यात झाली असे मी आधी समजत होतो. आता वाटते की ती एक महिना आधीच झाली होती. एक साधे गणित पाहा. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल ब्रेक पूर्ण लागल्यावर दोन मीटरांच्या आत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ३० झाला, तर अंतर दुप्पट होत नाही. चौपट, म्हणजे सुमारे सात मीटर होते. आणि कुत्रे दिसल्यापासून बोटे हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या एका सेकंदातच सायकल आठ मीटर पुढे गेलेली असते. अर्थात, अतिउत्तम ब्रेक जेवढे अंतर वाचवील त्याहून अधिक अंतर आपण बेसावधपणात घालवतो. ज्याने लवकर हात घातला त्याला हलका हात पुरतो. ज्याने उशीर केला त्याला फक्त कचकन दाबणेच उरते, आणि मग तो म्हणतो, दुसरा इलाजच नव्हता. खरेच नसतो. पण तो इलाज त्याने स्वतःच मागे टाकलेला असतो. आपल्या रागांपैकी किती राग हे अशा उशिरा लावलेल्या ब्रेकचे असतील!

यावर कोणी म्हणेल, मग सतत थोडा थोडा ब्रेक लावून ठेवावा. आमच्या बाजूला वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट आहे. एस. टी.च्या टपावर सायकल टाकून वर जावे आणि उतारावरून खाली यावे, हा आमच्या तरुणपणचा उद्योग होता. त्या उतारावर नवखा मनुष्य भीतीने सगळा वेळ ब्रेक धरून ठेवतो. रिम तापते, रबर गुळगुळीत होऊन चकाकू लागते, हात भरून येतात, आणि जिथे खरोखर गरज पडते त्या वळणावर ब्रेक लागत नाही. जाणता मनुष्य वळणाआधी सरळ रस्त्यावर ब्रेक चांगला धरतो, वेग हवा तेवढा खाली आणतो, आणि वळताना सोडतो. सोडलेल्या वेळात रिम निवते. घरोघरच्या आया आणि बाप मुलांच्या मागे जी अखंड कुरकुर लावतात, ‘हे करू नको, तिकडे जाऊ नको, किती वेळा सांगायचे’, तो हा घासत राहणारा ब्रेक होय. तो बेताचा वाटतो, कारण आवाज लहान असतो. पण त्यात बेत नाही, सोडणे नाही. मुलाचे कान त्या रबरासारखेच गुळगुळीत होतात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एका भित्र्या माणसाचे समर्थन ठरेल. बेत आहे पण ताकद नाही, अशा ब्रेकची मी स्तुती करत नाही. वडिलांच्या सायकलचा पावसाळ्यातला ब्रेक अत्यंत मृदू होता. हवा तितका हलका लागे. फक्त सायकल थांबत नसे. अशी माणसे आणि अशा संस्था आपण पाहतो. सर्व काही समजुतीने, सर्व काही हळूहळू, आणि तोपर्यंत गाडी रस्त्याखाली गेलेली असते. मुलगा मालमोटारीसमोर धावला तर त्याच्या दंडाला कसे धरावे याचा विचार आई करत नाही, आणि करूही नये. गावात कोणाचे पाणी तोडले जात असेल, कोणाची लेक जाळली जात असेल, तर तिथे बेताची भाषा बोलणाराच गुन्हेगाराचा साथीदार होतो. काही गोष्टी थांबवायच्याच असतात.

रेल्वेच्या प्रत्येक डब्यात एक साखळी असते. तिला माप नाही: ओढली किंवा नाही ओढली. तशी ती हवीच. पण ती प्रवाशाच्या हाती दिलेली आहे, आणि विनाकारण ओढल्यास शिक्षा होईल हे तिच्याशेजारीच लिहिले आहे. इंजिन चालवणाऱ्याला मात्र मापाने लागणारा ब्रेक दिला आहे. ज्याला गाडी रोज न्यायची आहे, त्याचे काम साखळीने चालत नाही. शिक्षक, आईबाप, पुढारी, न्यायाधीश ही सारी रोज गाडी नेणारी माणसे. आपल्यापैकी किती जण जन्मभर साखळीवरच हात ठेवून बसलेले असतात!

इथे मला इतिहासाचा शिक्षक म्हणून एक उदाहरण टाळता येत नाही. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी संयुक्त प्रांतातल्या चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे जाळले. बावीस पोलीस मृत्यू पावले. आठवड्याभरात, बारडोलीला, गांधींनी देशभरची चळवळ थांबवायला लावली. मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय तुरुंगात होते. तिथे हे ऐकून ते अस्वस्थ झाले. एका गावातल्या अपराधासाठी सगळा देश का थांबवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. वर्गात मी हा धडा शिकवतो तेव्हा मुले दोन्ही बाजूंनी भांडतात, आणि मी निकाल देत नाही. हिंसेची किंमत गांधींनी ओळखली होती हे खरे. आणि धावत्या देशाचे चाक एकाएकी अडकल्याने कित्येक माणसे मनाने फेकली गेली हेही खरे. पण पुढची गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू करण्याआधीच गांधींनी सांगून ठेवले होते, की या खेपेला तुरळक हिंसा झाली म्हणून चळवळ मागे घेतली जाणार नाही. १८ एप्रिलला चितगावच्या शस्त्रागारावर हल्ला झाला. सत्याग्रह चालू राहिला. अहिंसेवरची त्यांची निष्ठा त्या आठ वर्षांत कमी झाली होती काय? मला तसे वाटत नाही. निष्ठा तीच होती. हात बदलला होता. इतक्या मोठ्या माणसाचा हात पन्नाशीनंतर नवे शिकू शकला, ही गोष्ट मला चाळिशीत फार धीर देते.

हात शिकतो कसा? मैदानातल्या त्या संध्याकाळींनी मला एक धडा दिला. जोराने थांबायचे असेल तेव्हा स्वाराने आपले अंग खाली आणि मागे घ्यायचे असते. सीटच्या मागे, जवळजवळ मागच्या चाकावर. तसे केले की भार मागे राहतो, मागचे चाक जमीन सोडत नाही, आणि तोच ब्रेक अधिक जोराने लावता येतो. मी पडलो त्या दिवशी मी काय केले होते? हात ताठ, छाती पुढे, सारे अंग त्या कुत्र्यावर झेपावल्यासारखे. आणि वर्गात त्या दुपारी? तिथेही तसाच उभा होतो, छाती पुढे काढून. ज्याला दुसऱ्याला आवरायचे आहे त्याने स्वतः थोडे खाली आणि थोडे मागे यावे लागते. हा उपदेश संतांनी केला असता तर मी तो वाचून पुढे गेलो असतो. तो मला सायकलने केला, म्हणून पटला.

आता वर्गात कोणी हसले तर मी पहिल्याच दिवशी थांबतो. खडू खाली ठेवतो, त्या मुलाकडे पाहतो, आणि काही क्षण काहीच बोलत नाही. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. कधी भागत नाही. मग तास संपल्यावर बाजूला घेऊन दोन वाक्ये बोलतो, आणि बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. दुसरे वाक्य हवे की नको हे तो चेहराच सांगतो. दर वेळी मला जमते असे नाही. जुना हात अजून मधूनच जागा होतो.

तो मुलगा आता गावातच एका टेम्पोवर चालक आहे. परवा बाजाराच्या तोंडाशी त्याची गाडी माझ्या सायकलच्या मागे आली. गर्दी होती, पुढे एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. त्याने हॉर्न वाजवला नाही; भरलेला टेम्पो हळूहळू मंद करत आणला आणि म्हातारीला जाऊ दिले. मागे ठेवलेल्या दुधाच्या कॅनचा आवाजसुद्धा झाला नाही. मला पाहून त्याने हात कपाळाशी नेला. मीही नेला. आम्ही बोललो काहीच नाही, आणि मी त्यातून काही अर्थ काढत नाही. इतकेच पाहिले, की त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तो त्याने माझ्या वर्गात शिकलेला नाही, एवढे मात्र मी नक्की सांगू शकतो.